मोबाईल त्यांच्याच हातात

‘पैसं आलं का नाय, तेवढं बघ गं बाय.’

आमच्या टेबलाशी येणाऱ्या बहुतेक बायांचं पहिलं वाक्य हेच असतं. इंटरनेट म्हणजे काय, ई-मेल कसा पाठवायचा, असले प्रश्न घेऊन कोणी येत नाही. खात्यात पैसे जमा झाले का, रेशनकार्डावरचं नाव का गेलं, पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकला, वनपट्ट्याच्या जागेचा सातबारा मोबाईलवर दिसेल का, अशी एकेक अडलेली कामं घेऊन माणसं येतात. मोबाईल शिकायची गरज त्या कामाच्या पोटातच असते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी डहाणूतल्या एका शासनमान्य वाचनालयात बाजाराच्या दिवशी बसू लागले. वर्तमानपत्रांच्या स्टँडपलीकडे खिडकीखाली एक टेबल, चार खुर्च्या, मोबाईल चार्ज करायला एक बोर्ड, एवढीच मांडामांड. तलासरीच्या कॉलेजातली काही मुलंमुली मदतीला येतात. सुरुवातीला वाचनालयाच्या कार्यकारिणीने दारावर ‘डिजिटल साक्षरता केंद्र’ असा फलक लावला होता. तो वाचून कोणीही आलं नाही. मग एका दुपारी उन्हातून आलेल्या बाईला आमच्या ग्रंथपाल मॅडमनी पाणी प्यायला आत बोलावलं, बोलता बोलता तिच्या मोबाईलमधला बँकेचा मेसेज वाचून दाखवला, आणि पुढच्या बाजाराला ती आपल्या पाड्यातल्या चौघींना घेऊन आली. आमचं काम तेव्हापासून सुरू झालं असं मी धरते.

महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालयं राज्यात आहेत आणि त्यांचं दार सगळ्यांना उघडं आहे. पण दार उघडं असलं तरी आत यायची सवय लागावी लागते. डहाणूत रेल्वेच्या पश्चिमेला बाजारपेठ, चिकूच्या वाड्या, मच्छीमारांची आणि नोकरदारांची घरं. पूर्वेला डोंगरापर्यंत वारल्यांचे पाडे. पाड्यावरची माणसं बाजाराला, कोर्टाला, तहसीलला, आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात नेहमी येतात. वाचनालयासमोरूनच जातात. मात्र ती जागा दिवाळी अंक नेणाऱ्या सभासदांची, आपलं तिथे काही काम नाही, असं पिढ्यानपिढ्या ठरून गेलेलं. चपला बाहेर काढून, दारातच उंबऱ्याशी उभं राहून ‘येऊ का’ म्हणून विचारणाऱ्या बाया मी अजूनही पाहते. त्यांना खुर्चीवर बसवणं हा आमच्या शिकवण्याचा पहिला भाग आहे, आणि त्याला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त अडतं ते ओटीपीपाशी. शहरातल्या माणसाला हे पटायला जड जाईल. त्याच्या खिशातला मोबाईल वाजतो, तो सहा आकडे टाकतो, काम पुढे सरकतं. आमच्याकडे पावसाळा सरला की डहाणू-तलासरीतले कितीतरी पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा ही नावं पाड्यातल्या लहान पोरांनाही माहीत असतात. आधारला जोडलेला नंबर घरधन्याचा, मोबाईल त्याच्यापाशी, आणि तो समुद्रात. ओटीपीची मुदत काही मिनिटांची. बोट किनाऱ्याला लागायला कधी दहा दिवस, कधी पंधरा. एखादी बोट सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडली गेली, तर तिच्यावरची माणसं वर्षानुवर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात असतात. अशा घरातली बाई समोर बसलेली असते आणि स्क्रीनवर अक्षरं येतात: ओटीपी टाका.

म्हणून आता कुठलंही काम हाती घ्यायच्या आधी आम्ही एकच गोष्ट विचारतो: आधारला नंबर कोणाचा जोडलाय? नवऱ्याचा, दिराचा, मुकादमाचा, कधी ज्याने सिमकार्ड विकलं त्याचा, अशी उत्तरं मिळतात. काहींना ठाऊकच नसतं. हा नंबर बदलणं वाचनालयात बसून सहसा होत नाही. बहुतेकींना आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. आणि इथेही अडतं, कारण भाताची लावणी, गवतकापणी, वीटभट्टी यांनी बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ‘अंगठा लागत नाय’ हे वाक्य रेशन दुकानात, बँकेत, केंद्रावर सगळीकडे ऐकावं लागतं. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं. आम्ही एका कागदावर तिचं काम लिहून देतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते तिच्याकडून तोंडी म्हणवून घेतो: माझा नंबर जोडायचाय, अंगठा लागला नाही तर डोळ्याने करा. दोन-तीनदा मोठ्याने म्हटलं की खिडकीपाशी गेल्यावर तिचा आवाज फुटतो.

तलासरीच्या बाजूला आणखी एक पेच असतो. उपलाट, अच्छाडकडे गेलं की मोबाईल कधी महाराष्ट्राच्या टॉवरला लागतो, कधी गुजरातच्या. फोन लावला की समोरून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज गुजरातीत काहीतरी सांगत राहतो आणि ऐकणारीला वाटतं, नंबर चुकला. वापीला कामाला जाणाऱ्या पोरांची सिमकार्डं तिकडचीच असतात.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण त्यात आमच्या कामाचा सगळा गुंता येतो. तलासरीकडची एक डोसी, म्हणजे म्हातारी, आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचे दरमहा येणारे पैसे बंद झाले होते. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, लॅमिनेट केलेलं आधार, रबर लावलेला मोबाईल. बँकेत तीनदा जाऊन आल्या, प्रत्येक वेळी पासबुक छापून मिळालं, पण नोंद नाही. दोघींच्या मनात आलं की आपलं नाव कोणीतरी कापलं.

नोकरीत मी हे रोज पाहिलेलं. सरकारी अनुदानाचा पैसा आधार क्रमांकावर येतो, आणि आधार ज्या खात्याशी सर्वात शेवटी जोडलं गेलं त्या खात्यात तो जाऊन पडतो. पासबुकाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर हे पाहता येतं. सून अंक ओळखत होती, पण मोबाईलवर कधी दाबले नव्हते. मी मोबाईल हातात घेतला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. तिला म्हटलं, पन्नासच्या नोटेवरचा पाच आठवतो ना? तो शोध. तिने शोधला. नऊ आणि सहा यांत ती घोटाळली. तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली, पुन्हा मागवला, तोही चुकला. तिसऱ्या वेळी तिने एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला आणि शेजारी बसलेली सासू प्रत्येक आकड्याला मान हलवत होती. पान उघडलं. बँकेचं नाव भलतंच निघालं. सिमकार्ड घेताना अंगठा लावला होता, त्या वेळी तिच्या नावाने खातं उघडलं गेलं होतं आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे हप्ते तिथे एकावर एक जमा होऊन पडले होते.

पैसे मिळाल्याचा आनंद तर झालाच. पण ती सून उठताना माझ्याशी पैशाबद्दल बोलली नाही. तिने विचारलं, हे पान परत कसं उघडायचं? मी घरी करून बघीन.

मोबाईल त्यांच्याच हातात राहिला पाहिजे, हा आमच्या टेबलाचा नियम आहे, आणि मुलांना तो मी पहिल्या दिवशी सांगते. बोट दाखवा, सांगा, थांबा. स्क्रीनला हात लावू नका. तरुण हातांना हे फार कठीण जातं. त्यांना ते क्षणात दिसत असतं, आणि समोरचं बोट थरथरत, चुकत, मागे येत असतं. पण या नियमाला इथल्या मातीत कारण आहे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला. उठावाच्या पुढारी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. ते १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या काळी लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायकोने जमीनदाराकडे राबत राहायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज किती, फिटलं किती, हे दुसऱ्याच्या वहीत. आपण फक्त राबायचं.

आजचा सेवा केंद्रवाला सावकार आहे असं मी म्हणत नाही. त्यांतले अनेक जण प्रामाणिकपणे, अपुऱ्या नेटवर आणि बंद पडणाऱ्या सर्व्हरवर दिवसभर कामं उपसतात. पण हिशेब आजही दुसऱ्याच्या हातात आहे. एटीएम कार्डाच्या पाकिटावर पेनने लिहिलेला पिन मी किती वेळा पाहिला असेल. अंगठा लावून पैसे काढताना ‘लागला नाही, परत लाव’ असं कोणी म्हणालं, तर पहिल्या वेळीही पैसे गेलेले असू शकतात, आणि नंबर जोडलेला नसेल तर मेसेजही येत नाही. म्हणून आम्ही शिकवतो: प्रत्येक अंगठ्याला पावती माग. पहिला अंगठा फुकट गेला असं सांगितलं, तर त्याचीही माग. पावती वाचता येत नसेल तर जपून ठेव, बाजाराला येशील तेव्हा इथे दाखव.

१९४५ या सालाशी या भागातली दुसरीही एक गोष्ट जोडलेली आहे. ताराबाई मोडकांनी त्याच साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पोरं गुरं राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही. शाळा गुरांमागे कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. मी लहानपणी कोसबाडला सहलीला गेले होते तेव्हा हे ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ या टेबलाशी बसल्यावर कळला. याच्या उलट, सरकारने २०१७ साली ग्रामीण डिजिटल साक्षरतेचं मोठं अभियान काढलं, सहा कोटी घरांपर्यंत जायचं ठरवलं, घरातल्या एकाला वीस तासांचं शिक्षण. वयाची अट चौदा ते साठ. २०२४ च्या मार्चअखेर ते संपलं. त्यातून पुष्कळ मुलं शिकली असतील. मात्र साठीपुढची माणसं त्या अटीबाहेर राहिली, आणि पेन्शन, रेशन, औषधपाणी यांसाठी मोबाईलशी सर्वात जास्त झगडायची वेळ त्यांच्यावरच येते. दुसरं म्हणजे वीस तास बसायला ज्याला रोजावर जायचं नाही असं माणूस लागतं. आमच्या बाया पाऊण तास बसतात, परतीची गाडी सुटायच्या आत. तेवढ्या वेळात एक काम, एक गोष्ट.

शेवळं, ताडगोळे, सुकी मासळी विकणाऱ्या बाया हल्ली क्यूआर कोड लावून बसतात. त्यांचा प्रश्न वेगळा. गिऱ्हाईक मोबाईल उंच करून हिरवी खूण दाखवतं आणि चालू लागतं. ती खूण खोटीही असू शकते, जुन्या व्यवहाराचा फोटोही असू शकतो. त्यांना आम्ही सांगतो, गिऱ्हाइकाच्या मोबाईलकडे बघूच नका, आपल्याकडे आवाज झाला किंवा मेसेज आला तरच पैसे आले. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आम्ही त्यांच्याच हाताने साठवून घेतो. नावापुढे पोलिसाच्या टोपीचं चित्र टाकतो, म्हणजे वाचता आलं नाही तरी सापडतं.

भाषेचं मात्र आमच्याकडे उत्तर नाही. मोबाईलमध्ये मराठीत बोललं की तो लिहून दाखवतो, हे पाहून एक बाई फार हरखली. मग ती स्वतः बोलली, वारलीत. मोबाईलने भलतंच काही लिहिलं. ती पुन्हा बोलली, सावकाश, मग गप्प बसली. तिला वाटलं, आपण चुकीचं बोललो. आमच्यातली कॉलेजची मुलगी, स्वतः वारली, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या बोलीत तिला समजावलं की तू नीटच बोललीस, या यंत्राला आपली बोली कोणी शिकवलेली नाही. वारली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही, शाळेच्या पुस्तकांत जेमतेम आहे, मग यंत्रात कुठून असणार? गंजाडच्या जीव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे वारली हा शब्द जगभर गेला. ज्या बोलीत ती चित्रं काढणारी माणसं एकमेकांशी बोलतात, ती त्यांच्या हातातल्या मोबाईलला कळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या मुलीमुळे आणखी एक झालं. बाया मला जे विचारत नाहीत, ते तिला विचारतात. रात्री अनोळखी नंबरवरून येणारे व्हिडिओ कॉल, कर्ज देतो म्हणून फोटो मागणारी ॲपं, नवरा मोबाईल तपासतो ते. ती हे सगळं ऐकते आणि मला लागेल तेवढंच सांगते.

अफवांबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारलं. त्याआधी या पट्ट्यात रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, अवयव काढतात, असे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरत होते. देशभर त्या घटनेवर काय काय बोललं गेलं, ते सर्वांना माहीत आहे. आमच्यासाठी ती घरातली जखम आहे. म्हणून टेबलाशी कोणी बसलं की एकदा तरी आम्ही ‘फॉरवर्ड’चे दोन बाण कुठे दिसतात ते दाखवतो. दोन बाण दिसले म्हणजे हा निरोप पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही, खूप हातांतून आलाय, हे बोट ठेवून सांगतो. भूकंपाच्या अफवांचंही तसंच. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली, लोक थंडीत घराबाहेर झोपले. आजही अमुक तारखेला मोठा धक्का बसणार, असा मेसेज घेऊन कोणीतरी घाबरून येतं. भूकंपाची तारीख कोणालाच आधी सांगता येत नाही, हे त्यांना पटवून द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा आम्ही देतो.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याचं एक सूत्र आहे. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी त्यावरून माझ्याशी वाद घातला, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये हुकूम निघाला, मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. बाईच्या आधारचा ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. वाचनालयाच्या जिन्यापर्यंत रांग. अशा दिवशी प्रत्येकीला सहा आकडे शोधायला लावायचे? मॅडम म्हणाल्या, आज भरून द्या, शिकवणं पुढच्या बाजाराला. मी मान्य केलं आणि आम्ही भरून दिलं. योजनेचे पंधराशे रुपये ज्या घरात महिन्याचं तेल-मीठ आहेत, तिथे माझा नियम घेऊन बसण्यात अर्थ नव्हता. ज्या विधवा होत्या, ज्यांचे वडीलही गेलेले, त्यांचं पान पुढे सरकतच नव्हतं. नंतर त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय निघाली. त्या महिन्यात मला सरळ दिसलं की काही अडचणी शिकवून सुटत नाहीत. ज्याने ते पान बनवलं, त्याने खलाशाच्या बायकोला आणि विधवेला डोळ्यांपुढे आणलं असतं, तर आमच्या जिन्यावरची निम्मी रांग लागलीच नसती. हे आम्ही निवेदन लिहून तहसीलला दिलं. निवेदन लिहिणं हेही वाचनालयाचंच काम आहे असं मी मानते.

कार्यकारिणीत मध्यंतरी विषय निघाला, की अर्जामागे वीस रुपये घ्यावेत. सूचना वाईट हेतूने आलेली नव्हती. वाचनालयाचं अनुदान वेळेवर येत नाही, ग्रंथपालांचं वेतन सांगायला संकोच वाटावा इतकं कमी, विजेचं बिल वाढलेलं. तरीही मी कडाडून विरोध केला. गावात वीस रुपये घेणारी ठिकाणं आहेत. न घेणारी, घाई न करणारी आणि कागद वाचून दाखवणारी जागा ही एकच आहे. शेवटी ठरलं, की प्रिंट आणि झेरॉक्सचा खर्च घ्यायचा, मदतीचा एक पैसाही नाही. ग्रंथपालांच्या मानधनासाठी गावातल्या काही जणांनी वर्गणी काढली आहे. हा कायमचा उपाय नाही, कायमचा उपाय सरकारनेच करायचा आहे.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. माणसं वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात ती होळीपुढे परततात. बाहेरगावीही आपल्या रेशनकार्डावर धान्य उचलता येतं, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही, आणि घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी झालेली नसेल तर ऐन वेळी धान्य अडतं. त्यामुळे यंदा त्यांनी निघायच्या आधी तलासरीकडे एका शाळेच्या पडवीत बसायचं ठरलं आहे. मास्तरांनी दोन बाक आणि विजेचा बोर्ड द्यायचं कबूल केलंय. ज्या बायांच्या आधारला स्वतःचा नंबर नाही, त्यांची यादी मुलींनी पाड्यापाड्यावर जाऊन करायला घेतली आहे. आधार केंद्रावर त्यांना एकत्र नेण्यासाठी जीप लागेल. तिचं भाडं कोणाकडून मिळवायचं, ते येत्या रविवारी वाचनालयात बसून ठरवणार आहोत.